किडनीचं मांजर पुन्हा जेवत नाही: शोध कुठून सुरू करायचा

लक्षणं ओळखीची असतात. काल संध्याकाळपर्यंत थोडंथोडं खाणारं मांजर आज सकाळी ताटलीपाशी येतं, वास घेतं, ओठांवरून जीभ फिरवतं आणि मागे वळतं. कधी ताटलीभोवतीची फरशी पंजानं खरवडतं, शी झाकावी तशी. पाण्याच्या भांड्यावर मान झुकवून नुसतंच बसून राहतं. अंग चोरलेलं, पाय पोटाखाली घेतलेले, केस विस्कटलेले, कारण स्वतःला चाटणं थांबलेलं. तोंडाला उग्र, अमोनियासारखा वास. एखादी फेसाची किंवा पिवळसर पाण्याची उलटी. आणि वजनकाट्यावरचा आकडा पुन्हा खाली.

किडनीचा आजार पुढच्या टप्प्यात गेला की हे एकदा होऊन संपत नाही. परत परत होतं. माझ्या ठकी मांजरीच्या रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीनं बाहेर टाकायचा कचरा, किडनी थकली की तो रक्तात साठतो) ५ च्या वर गेलं तेव्हापासून ती गेली तोवर आम्ही या प्रसंगातून कितीतरी वेळा गेलो, आणि आता काळूबरोबर तेच चालू आहे. (आयरिस या आंतरराष्ट्रीय किडनी संस्थेच्या मोजणीत क्रिएटिनिन डेसिलिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या वर गेलं की चौथा, म्हणजे शेवटचा टप्पा धरतात.) दोघांच्या बाबतीत एक गोष्ट पक्की कळली. “आता आजारच वाढलाय, खाणार कसं” असं म्हणून हात टेकण्याआधी शोधलं, तर बहुतेक वेळा काहीतरी सापडतं, आणि जे सापडतं त्यातलं बरंचसं निस्तरता येतं.

पहिल्या खेपेला मी शोधलं नाही. दोन दिवसांत पाच वेगवेगळ्या चवींची पाकिटं फोडली, एकापाठोपाठ एक तिच्या नाकापुढे धरली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पोट चाचपलं तर आतडं कडक शीनं भरलेलं. शी मोकळी झाली, मळमळ गेली, पण त्या पाचही चवींना ठकीनं पुढे कधी तोंड लावलं नाही. मळमळत असताना जो वास नाकाशी येतो, तो मांजर आजाराशी जोडून ठेवतं. म्हणून खाणं बदलणं हा माझा पहिला उपाय आता कधीच नसतो.

आधी हे बघा, आणि दिसलं तर पुढचं वाचत बसू नका

तोंड उघडं टाकून श्वास घेत असेल. ट्रेमध्ये, म्हणजे शी-लघवीसाठी लिटर (वाळू) भरून ठेवलेल्या तबकात, जाऊन कुंथतंय पण लघवीचा थेंब नाही, किंवा एरवी लिटरमध्ये लघवीचे मोठमोठे ओले गोळे असायचे आणि गेल्या १२ तासांत एकही नाही. मागचे पाय अचानक लुळे पडून गार झाले असतील. झटका आला असेल. डोळ्यांच्या बाहुल्या भर उजेडातही मोठ्याच आहेत आणि मांजर भिंतीला आपटतंय. अंग गार लागतंय, ताप मोजला तर ३७.५ अंश सेल्सिअसच्या खाली (निरोगी मांजराचं तापमान साधारण ३८ ते ३९ असतं). यातलं काहीही असेल तर मांजर पिशवीत घाला आणि निघा, रात्र असली तरी.

आणखी एक मर्यादा: पूर्ण २४ तास पोटात काहीच गेलं नसेल तर खालच्या तपासण्या करत राहा, पण डॉक्टरांना फोन आधी करा. मांजराचं शरीर उपाशीपणी अंगातली चरबी यकृताकडे लोटतं आणि यकृत ती पेलू शकत नाही. दोन-तीन दिवसांच्या उपासानंतर किडनीच्या जोडीला यकृताचंही दुखणं उभं राहू शकतं, लठ्ठ मांजरात तर लवकरच.

१. ताटली आणि तिच्या आजूबाजूचं

याला काही लागत नाही, पाच मिनिटांत होतं. अन्न फ्रिजमधून थेट काढलेलं आहे का? मांजराला भूक वासानं लागते, आणि गार अन्नाला वास नसतो. अंगाच्या उबेइतकं कोमट करा, बोटाला जेमतेम ऊब लागेल इतकंच. ताटली उथळ आणि रुंद हवी, मिशा कडेला घासू नयेत. ट्रे आणि ताटली जवळजवळ असतील तर लांब करा. म्हाताऱ्या मांजराला मान खाली घालताना दुखत असेल तर ताटली चार बोटं उंच ठेवून बघा.

मग स्वतःला विचारा: जेवणात औषध मिसळलं का? कडू गोळी एकदा जेवणात सापडली की ते जेवणच बाद होतं. औषध वेगळ्या घासातून द्या, रोजच्या ताटलीतून नको. फॉस्फरस बांधणारी पावडर मात्र जेवणाबरोबरच द्यावी लागते, कारण ती अन्नातल्या फॉस्फरसला आतड्यातच पकडते. मांजर खातच नसेल तर त्या दिवशी ती देऊन काही साधत नाही.

किडनीसाठीचं खास अन्न नुकतंच सुरू केलंय का? तसं असेल तर आत्ता मागे घ्या. ते अन्न फायद्याचं आहे यात शंका नाही, पण बरं वाटत असताना, जुन्या अन्नात थोडंथोडं मिसळत, काही आठवड्यांत आणायचं. वाईट दिवसात मांजर जे खाईल ते खाऊ द्या. न खाल्लेल्या पथ्याच्या अन्नापेक्षा खाल्लेलं साधं अन्न बरं. फक्त कांदा-लसूण असलेलं काहीही नको, सूप किंवा लहान बाळांचं तयार अन्नसुद्धा वाचून घ्या. कांद्या-लसणानं मांजराच्या लाल पेशी फुटतात, आणि या मांजरांचं रक्त आधीच कमी असतं.

२. ट्रे

हाही फुकटचाच तपास, आणि माझ्या घरी सगळ्यात जास्त वेळा उत्तर इथेच सापडलंय. शेवटची शी कधी झाली? दोन दिवस उलटले असतील, किंवा ट्रेमध्ये सुपारीएवढे कोरडे खडे असतील, तर बद्धकोष्ठता धरून चाला. निकामी होत आलेली किडनी पाणी धरून ठेवू शकत नाही, सगळं लघवीवाटे जातं. मग शरीर मोठ्या आतड्यातून पाणी ओढून घेतं आणि शी दगड होते. पोटॅशियम कमी असेल तर आतड्याची हालचालही मंदावते. काही फॉस्फरसच्या पावडरी आणि उलटीवरचं ओन्डान्सेट्रॉन यांनीही शी घट्ट होते. भरलेल्या आतड्यानं मळमळतं, मळमळ म्हणून खात नाही, खात नाही म्हणून शी पुढे सरकत नाही.

यावर लॅक्ट्युलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर डॉक्टर देतात आणि प्रमाणही तेच ठरवतात. पण ही दोन्ही औषधं आतड्यात पाणी ओढून काम करतात. अंगात पाणीच नसेल तर आधी ते भरायला हवं. म्हणून यापुढची चौथी तपासणी वगळू नका.

घरात माणसांसाठीचा फॉस्फेटचा एनिमा असेल तर तो मांजराला चुकूनही देऊ नका. त्यानं मांजर काही तासांत दगावू शकतं. तोंडातून पातळ तेल पाजू नका, ते फुप्फुसात उतरतं. आणि कुंथणारं मांजर शीसाठी कुंथतंय की लघवीसाठी, हे नक्की कळत नसेल तर ते लघवीसाठीच आहे असं समजून दवाखाना गाठा.

३. तोंड

ओठ वर उचलून दिव्याखाली बघा. हिरड्या लाल, सुजलेल्या? जिभेच्या कडेला पांढरट चट्टा किंवा जखम? लाळ गळतेय? रक्तात साठलेल्या युरियामुळे तोंड येतं. इथे ताटलीपाशी मांजर काय करतं ते नीट बघा, कारण त्यावरून बरंच कळतं. वास घेऊन ओठ चाटतं आणि वळतं, तर ती मळमळ. घास घेतं, डोकं झटकतं आणि टाकून देतं, तर तोंड दुखतंय. ताटलीकडे फिरकतच नाही, कोपऱ्यात पडून राहतं, तर काहीतरी जास्त गंभीर आहे. रक्त तपासायला हवं.

हिरड्यांचा रंगही बघून घ्या. गुलाबीऐवजी पांढरट असतील, मांजर माती किंवा ट्रेमधलं लिटर चाटत असेल, तर रक्त कमी झालंय. किडनी खराब झाली की लाल पेशी बनवायला सांगणारं संप्रेरक कमी पडतं. यावर इंजेक्शनं आहेत, पण घरगुती उपाय नाही.

माणसांच्या वेदनेच्या गोळ्या देण्याचा विचार मनात आला तर तिथेच थांबा. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, आणि आयब्युप्रोफेन उरलीसुरली किडनी संपवतं.

४. पाणी

अंगात पाणी कमी आहे का, हे मानेची कातडी ओढून बघायची पद्धत म्हाताऱ्या, हडकलेल्या मांजरात फसवते. त्यांची कातडी एरवीही सैलच असते. हिरडीवर बोट फिरवा: ओली, निसरडी हवी. बोट चिकटत असेल तर पाणी कमी आहे. त्याहून खात्रीचा वजनकाटा. तान्ह्या बाळांसाठीचा, १० ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या आणि दर आठवड्याला, वाईट दिवसांत रोज, एकाच वेळी वजन करा. एका दिवसात शंभर-दीडशे ग्रॅम गेले तर ते मांस नाही, पाणी गेलंय. महिन्याभरात तेवढे गेले तर मांस झिजतंय. तीन किलोच्या मांजराला दीडशे ग्रॅम म्हणजे साठ किलोच्या माणसाला तीन किलो.

जेवणात कोमट पाणी कालवा, पाण्याची भांडी तीन-चार ठिकाणी ठेवा. सिरिंजनं जबरदस्तीनं पाणी पाजू नका. ठसका लागून ते फुप्फुसात जातं. या टप्प्यात तोंडानं पुरेसं पाणी जात नाही. त्वचेखाली सलाईन द्यावं लागतं आणि ते घरी देता येतं. पहिल्यांदा डॉक्टरांकडे, त्यांच्या डोळ्यांसमोर, स्वतःच्या हातानं देऊन बघा. किती आणि किती दिवसांआड हे त्यांनी ठरवायचं, कारण हृदय कमजोर असेल तर हेच सलाईन घातक ठरतं.

आता हाताला बसलेली पद्धत सांगते. बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात दहा मिनिटं ठेवायची, मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघायचा. मायक्रोवेव्ह नको, बाटलीत एखाद्या जागी चटका बसेल इतकं तापतं. बाटलीवरचं नाव दरवेळी वाचायचं. डॉक्टर बहुधा रिंगर लॅक्टेट देतात. डेक्स्ट्रोजची (साखरेच्या पाण्याची) बाटली त्वचेखाली द्यायची नाही. गढूळ दिसलं तर फेकायचं. नळीतली हवा काढून टाकायची. सुई दरवेळी नवी. जाड सुई टोचते जास्त पण काम लवकर उरकतं, काळूला तेच मानवतं. ठकीला बारीक सुई आणि जास्त वेळ चालायचा.

खांद्यांमधली कातडी तीन बोटांनी उचलायची, तंबूसारखा आकार होतो. त्या तंबूच्या पायथ्याशी, पाठीला समांतर सुई सरकवायची. आत शिरताना बारीकसा अडथळा लागतो आणि मग सुटल्यासारखं होतं. केस ओले झाले तर सुई दुसऱ्या बाजूनं बाहेर आलीय. बाहेर काढून, नवी सुई लावून पुन्हा. झाल्यावर सुई काढून त्या जागी कातडी मिनिटभर चिमटीत धरायची. एखादा गुलाबी थेंब आला तर घाबरू नका. खांद्यावर फुगा येतो, तासाभरात पुढच्या पायाकडे किंवा पोटाखाली उतरतो, हेही ठीक. थोडी हवा गेली आणि कातडी कुरकुरली तरी चालतं.

चालत नाही ते हे: पुढच्या डोसची वेळ झाली तरी आधीचा फुगा तसाच आहे, काट्यावर वजन चढतच चाललंय, नाकातून पाणी येतंय. झोपेतले श्वास मोजा, छाती वर जाईल तो एक. निवांत झोपेत मिनिटाला ३० च्या आत असावेत. त्याच्यावर गेले तर सलाईन बंद आणि लगेच फोन. आकडा चाळिशीकडे जात असेल तर फोनवर वेळ न घालवता निघा. सलाईन जास्त झालं की पाणी छातीत भरतं.

५. मळमळ

ट्रे ठीक आहे, पाणी भरलंय, तोंडात जखम नाही, तरीही ओठ चाटून मागे वळतंय. उलटी होत नाही म्हणजे मळमळ नाही असं समजू नका. घशाखाली सारखं काहीतरी गिळल्यासारखं करणं, लाळ, पहाटे फेस, पाण्याच्या भांड्यावर ताटकळणं, हे सगळं मळमळीचंच. डॉक्टरांना “खात नाही” एवढंच सांगितलं तर कदाचित भूक वाढवायचं औषध मिळेल. “ताटलीपाशी येतं, वास घेतं, ओठ चाटतं, जातं” असं सांगितलं तर मळमळीवरचं मिळेल, मॅरोपिटंट किंवा ओन्डान्सेट्रॉन. मी फोनवर सांगण्याऐवजी अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाठवते, आणि त्याचा फार उपयोग झालाय.

भूक वाढवणारं मिर्टाझापीन मळमळीचं बघून झाल्यावर. आजारी किडनीच्या मांजराच्या अंगातून ते सावकाश बाहेर पडतं, म्हणून ते बहुधा दिवसाआड देतात. ठकी एकदा रात्रभर ओरडत घरात फेऱ्या मारत होती. मी घाईनं दुसऱ्याच दिवशी पुन्हा गोळी दिली होती. तेव्हापासून प्रत्येक गोळीची तारीख आणि वेळ वहीत लिहिते.

तोंडात कोंबून भरवणं मात्र करू नका. घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका आहेच, शिवाय मांजर तुमच्या हातालाच घाबरू लागतं. आणि त्याच हातानं पुढे औषध द्यायचं असतं.

६. इथून पुढे घरी होणारं नाही

हनुवटी छातीला टेकलेली, मान वर उचलवत नाही, उडी मारायला जाऊन पडतं: पोटॅशियम कमी झाल्याची ही खूण आहे. पण शेवटच्या टप्प्यात पोटॅशियम उलट वाढूही शकतं आणि वाढलेलं पोटॅशियम हृदय बंद पाडतं. म्हणून रक्त तपासल्याशिवाय पोटॅशियमची पावडर नको, मागच्या वेळची उरलेलीसुद्धा नको.

रक्तदाब मोजून घ्या. वरचा आकडा १६० च्या वर टिकून राहिला तर औषध लागतं, १८० च्या वर डोळ्यांचा पडदा सुटण्याचा धोका मोठा असतो. अम्लोडिपिन या औषधानं रक्तदाब खाली येतो. दृष्टी अचानक गेली आणि लगेच उपचार मिळाले तर कधीकधी ती काही अंशी परत येते. उशीर झाला तर नाही.

क्रिएटिनिन अचानक उडी मारून वर गेलं असेल तर “आजार वाढला” म्हणून सोडून देऊ नका. लघवीची कल्चर तपासणी करायला सांगा. पातळ लघवीत जंतुसंसर्ग सहज होतो आणि तो बरा होण्यासारखा असतो. मूत्रनलिकेत खडा अडकलाय का हे सोनोग्राफीत दिसतं. रक्तातला फॉस्फरस चौथ्या टप्प्यात डेसिलिटरमागे ६ मिलिग्रॅमच्या खाली ठेवण्याचं उद्दिष्ट असतं. त्याच्यावर गेला की मांजराला बरं वाटत नाही आणि भूक जाते. दवाखान्यात दोन-तीन दिवस शिरेतून सलाईन देऊन काही मांजरं पुन्हा सावरतात. मानेतून अन्ननलिकेत बसवलेली नळी बघायला भीती वाटते, पण ठरलेलं अन्न, पाणी आणि औषध तिच्यातून झगडा न करता जातं. मांजराला एरवी बरं वाटत असेल आणि फक्त खाणंच कमी पडत असेल, तर डॉक्टरांशी याबद्दल नक्की बोला.

सगळं तपासलं, तरीही

अशी वेळ येते. शी झाली, पाणी भरलं, मळमळीचं औषध चालू आहे, रक्तात सुधारण्यासारखं काही राहिलं नाही, आणि मांजर खात नाही. मग खाण्याच्या मागे लागणं थांबवायचं आणि डॉक्टरांशी दुसरं बोलायचं: इंजेक्शन देऊन मांजराला शांतपणे निरोप देण्याबद्दल.

माझ्या वहीत ठकीच्या नावापुढे तीनच प्रश्न होते आणि रोज रात्री मी त्यांची उत्तरं लिहायचे. स्वतःहून उठून खिडकीत गेली का? ट्रेपर्यंत पोचली का? हात लावल्यावर डोकं पुढे केलं का? शेवटच्या आठवड्यात सलग चार दिवस तिन्हीपुढे “नाही” होतं. मनाला विचारलं असतं तर मन म्हणालं असतं की काल थोडी बरी होती. वहीत तसं काही लिहिलेलं नव्हतं.

ही वेळ यायच्या आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा: ते घरी येतात का, आधी गुंगीचं इंजेक्शन देतात का, त्या वेळी मांजर मांडीवर घेता येईल का. गुंगी आली की मांजर झोपतं, मग दुसरं इंजेक्शन देतात आणि त्यात त्याला वेदना होत नाही. रात्री दोन वाजता, धापा टाकणारं मांजर हातात असताना हे प्रश्न सुचत नाहीत.

ठकीला त्या सकाळी मी सुई टोचली नाही, गोळीही दिली नाही. टॉवेल उन्हात अंथरला, तिला त्यावर ठेवलं, आणि डॉक्टर येईपर्यंत तिच्या दोन्ही कानांच्या मधल्या जागेवर बोट फिरवत बसले.